ऐकणारी दाढ

माझ्या नवऱ्याने जन्मात एकदाच मिशी उतरवली, आणि तीही भाड्याच्या खोलीसाठी.

नुकतंच लग्न होऊन आम्ही भिवंडीत बिऱ्हाड शोधत होतो. कुणीतरी सांगितलं, नारपोलीत एका कारखान्यावर खोली रिकामी आहे. खाली पॉवरलूमचा कारखाना, मागच्या अंगाला मालकाचं घर, वर भाडेकरू. मालक दारातल्या बाकड्यावर बसले होते. पांढरी बंडी, चौकड्याची लुंगी, आणि भुवयांवर कापसाची भुरी बसलेली. आत्ताच झोपेतून उठून आल्यासारखे दिसत होते, आणि पुढे कळलं की ते नेहमी तसेच दिसतात. नवरा आपली माहिती सांगत होता, काल्हेरच्या गोदामात नोकरी आहे, दोघंच आहोत, त्रास देणार नाही. मालक त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘पोरी, तू ऱ्हा. ह्याला खोली न्हाय.’

‘अहो, पण का?’

‘ह्याचं तोंड दिसत न्हाय.’

माझ्या नवऱ्याला तेव्हा फौजदाराला शोभतील अशा झुपकेदार मिशा होत्या. बाहेर आल्यावर तो असा काही तणतणला की विचारू नका. पण शेजारच्या चहावाल्याने हसत हसत खुलासा केला. मालकांना कानांनी काहीच ऐकू येत नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून लूमच्या खडखडाटात उभे राहिलेले, कान कधी गेले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. समोरच्याच्या ओठांवरून ते सगळं समजून घ्यायचे, आणि मिशी ओठांवर आली की त्यांच्या लेखी माणूस मुका झाला. म्हणून मिशीवाल्याला खोली नाही. बाकी त्यांना जात, धर्म, गाव, कशाचं काही नव्हतं.

नवरा चार दिवस रुसून बसला. पाचव्या दिवशी वरचा ओठ पांढराफटक करून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. चाचांनी (सगळी गल्ली त्यांना चाचाच म्हणायची) त्याच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘आता बोल.’ आम्हाला खोली मिळाली.

माझं माहेर दिघाशीचं. आमच्याकडे संध्याकाळी कुत्रं भुंकलं तरी कोणाच्या दारात भुंकतंय ते कळतं, इतकं शांत. तिथून उठून मी लूमच्या डोक्यावर राहायला आले. पहिले काही दिवस वाटलं, वेड लागणार. फळीवरची भांडी थरथरायची, पाण्याच्या हंड्यात गोल गोल लाटा उठायच्या, कपात चहा एकटाच हलत बसायचा. मग एक दिवस ते ऐकू यायचंच बंद झालं. गल्लीत सगळीकडे कापसाचे तंतू उडत असायचे, उन्हाच्या तिरिपीत तरंगत खाली यायचे, पोरांच्या केसांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर बसायचे. दुपारी खिडकीत बसून मी ते बघत राहायची. आवाज असून नसल्यासारखा, आणि सगळं हळूहळू खाली येतंय. त्या वर्षांचं काहीही आठवलं की मला आधी ते तंतू आठवतात.

चाचांचं बोलणंही तसंच होतं. लूमच्या कारखान्यात आवाजाने कोणी बोलत नाही, कारण उपयोग नसतो. नुसते ओठ हलवायचे, पलीकडचा कारीगर समजतो. चाचांची तीच सवय घरात आलेली. बोलता बोलता त्यांचा आवाज मध्येच निघून जायचा आणि ओठ तेवढे चालू राहायचे. त्यांना वाटायचं, आपण बोलतोच आहोत. मग आम्ही भाडेकरूही ओठ बघायला शिकलो. मी तर बालवाडीत शिकवायची, ‘अ’ म्हणताना अख्खा जबडा उघडायची सवय, त्यामुळे माझं बोलणं चाचांना सगळ्यांत जास्त कळायचं. चाची म्हणायच्या, ‘बाय, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पन माझ्यापेक्षा तुझं ऐकतात.’

चाची मोठ्या मजेशीर बाई. नवऱ्याचा राग आला की पाठ फिरवायच्या आणि चुलीकडे तोंड करून मनसोक्त बोलून घ्यायच्या. सगळं बोलून झालं की वळायच्या, तेव्हा चेहऱ्यावर गोड हसू. चाचा मला विचारायचे, ‘काय म्हनते ही?’ मी सांगायची, ‘भात झालाय म्हणतात.’ ते मान हलवायचे. ‘एवढा वेळ भाताबद्दल बोलत होती?’ त्यांना सगळं कळत असणार, पण विचारायची त्यांना गंमत वाटायची.

नाक्यावरच्या हॉटेलात त्यांचा दरारा होता. ते रस्त्यापलीकडून बोलणं वाचायचे. त्यामुळे ते समोरच्या बाकड्यावर असले की चहा पिणारी मोठमोठी माणसं बशी तोंडासमोर धरून बोलायची. एकदा एका दलालाने पलीकडे बसून कोणाला तरी सांगितलं की म्हातारा आता लूम विकणार. चाचा शांतपणे रस्ता ओलांडून गेले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘विकनार न्हाय. चहा सावकाश पी, जीभ भाजल.’ मग तसेच परत येऊन बसले.

एक गोष्ट मात्र ते कोणाला सांगत नसत, मला एकदा सांगितली. लूम चालू असताना त्यांना झोप यायची आणि लाइट जाऊन लूम थांबले की जाग यायची. त्यात विशेष काही नाही, निम्म्या भिवंडीचं तेच आहे. शुक्रवारी कारखाने बंद, त्या दिवशी अख्खं गाव डोळे चोळत फिरतं. पण चाचा म्हणाले, ‘पोरी, सपनात माझे कान चालतात. मला माझी आई हाक मारताना ऐकू येते. खाडीत होडीला पानी लागतं ना, ते ऐकू येतं. दुसरे लोक दमले म्हनून झोपतात. मी ऐकायला झोपतो.’ हे सांगताना त्यांचा आवाज मध्येच गेला होता. शेवटचं वाक्य मी ओठांवरूनच वाचलं.

तरी जागेपणी ऐकायची त्यांची एक वाट होती, आणि इथेच त्यांची दाढ येते.

लूम बिघडला की कारीगर चाचांना बोलवायचे. ते लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याची लाकडी मूठ तोंडात उजवीकडे पार मागे सरकवायचे, दाढेखाली घट्ट धरायचे आणि टोक लूमच्या सांगाड्यावर टेकवायचे. डोळे मिटायचे. वीतभर सरकायचे, परत टेकवायचे. सगळे कारीगर हातातलं काम टाकून बघत राहायचे. मग एका जागी चाचांचा चेहरा बदलायचा. ‘हितं दुखतं त्याला,’ म्हणायचे. कधी बरोबर निघायचं, कधी साफ चुकायचं आणि अर्धा लूम विनाकारण उघडला जायचा. पण त्या पेचकसातून दाढेला आणि दाढेतून डोक्यात खरंच आवाज जायचा, यात खोटं काही नव्हतं. सुपारी आणि तंबाखूने त्यांचे बाकीचे दात कधीच खाल्ले होते. पुढे चार-दोन, आणि उजवीकडे मागे खाली-वर एकेक अक्कलदाढ. चाचांचं म्हणणं असं की कान गेले तेव्हा अल्लाने त्यांचं काम खालच्या दाढेला दिलं. ते गालावर बोट ठेवून सांगायचे, ‘माझा कान हितं हाय.’ गंमत म्हणून नाही, आपण घराचा पत्ता सांगतो तसं.

आणि लूमपेक्षाही त्या कानाचं मोठं काम होतं नसीम.

नसीम त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन मस्कतला गेलेली. तेव्हा तिकडून फोन करणं सोपं नव्हतं, आणि केला तरी चाचांना उपयोग काय? म्हणून ती कॅसेट पाठवायची. कोणीतरी ओळखीचं सुट्टीवर आलं की साबणाच्या वड्या, खजूर आणि त्यात एक कॅसेट. कॅसेटला साबणाचा वास यायचा. चाचांच्या पलंगाला उशाकडे एक जाड फळी ठोकलेली होती, त्यावर नसीमच्याच नवऱ्याने आणलेला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन ठेवलेला. चाचा पलंगावर उलटे, उशाकडे तोंड करून बसायचे, लूमवरची सूत गुंडाळायची लाकडी कांडी दाढेखाली धरायचे, दुसरं टोक टू-इन-वनच्या अंगाला लावायचे. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. कोणी ते कमी करायच्या भानगडीत कधी पडलंच नाही.

त्यामुळे नसीमची कॅसेट अख्खी गल्ली ऐकायची. ती कधी माझ्यासमोर आली नव्हती, पण तिच्या सासूचे गुडघे, तिच्या शेजारणीचं भांडण, मला सगळं पाठ होतं. तिलाही ते ठाऊक होतं. म्हणून ती सुरुवातीलाच सगळ्यांना सलाम करून घ्यायची. ‘वरच्या वहिनी, बाळाचं बारसं झालं का? हॉटेलवाले चाचा, चहात दूध घालत जा.’ गल्ली हसायची. चाचांना त्या हसण्यातलं काही ऐकू जायचं नाही. कांडी तोंडात, डोळे मिटलेले, लाळ हनुवटीवर आलेली, आणि चेहरा असा की बघणाऱ्याने तिथून उठून जावं. मी जायची. पण माझ्या खिडकीतून, त्यांच्या उघड्या दारातून मला ते दिसायचे, वर तंतू उडत असायचे आणि खाली पलंगावर हा माणूस दाढेने मुलीचा आवाज ऐकत असायचा.

अशी काही वर्षं गेली. आमचा मुलगा शाळेत जायला लागला होता, तेव्हा एका सकाळी चाचांचा उजवा गाल सुजलेला दिसला. विचारलं तर म्हणाले, ‘मच्छर चावला.’ चाचींनी पाठ फिरवून मच्छराचा उद्धार केला. मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या, लवंग झाली, सूज उतरली. महिन्याभराने परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा चाची माझ्याकडे वर आल्या आणि म्हणाल्या, ‘बाय, तूच चल. तुझंच ऐकतात.’

कल्याण नाक्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना टाकला होता. त्यांनी चाचांना खुर्चीत बसवलं, स्वतःच्या तोंडाला पट्टी बांधली आणि विचारायला सुरुवात केली. चाचा त्यांच्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, तुमाला पन मिशा?’

मी डॉक्टरीणबाईंना सगळं समजावलं. त्या हसल्या नाहीत, ते मला आवडलं. त्या तोंड तपासताना पट्टी लावायच्या आणि बोलायचं असलं की मागे सरून ती खाली ओढायच्या. पण त्या भरभर बोलायच्या, ते चाचांना झेपेना. मग मी खुर्चीच्या पायथ्याशी उभी राहिले आणि प्रत्येक वाक्य बालवाडीच्या तोंडाने परत म्हणायला लागले.

त्यांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला. दाढ हाडात आडवी रुतली होती, डोकं तेवढं वर. त्या म्हणाल्या, ‘पंचविशीत काढली असती तर सोपं होतं. तेव्हा हाड कोवळं असतं. आता यांचं हाड वाळलेल्या सागासारखं झालंय, दाढ तुकडे करून काढावी लागेल. त्यात यांना साखर आहे, जखम लवकर भरणार नाही. खालून ओठाची शीर जाते, ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, कधी कधी जास्तच. या वयात उगाच कोणाची दाढ मी काढत नाही. पण ही पुन्हा पुन्हा पिकतेय. ठेवणं जास्त धोक्याचं आहे.’

मी ओठ हलवत सगळं सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे बघितलं. मग गालावर बोट ठेवून म्हणाले, ‘बाईला सांग, हा माझा कान हाय. कान कोन काढतं काय?’

डॉक्टरीणबाईंनी पट्टी खाली ओढली आणि अगदी सावकाश म्हणाल्या, ‘चाचा, आवाज दाढेतून नाही, हाडातून जातो. दाढ गेली तरी हाड राहणार आहे.’

‘तुमी बघितलंय का कोनाचं?’

बाई खऱ्या होत्या. म्हणाल्या, ‘नाही. शिकलेय.’

‘मग आदी तुमची काढून बघा,’ चाचा म्हणाले, आणि खुर्चीतून उतरून चपला घालायला लागले.

त्यानंतर चाचींनी एक काम केलं. त्यांनी पाठ फिरवली, पण चुलीकडे नाही, टू-इन-वनकडे. चाचा बाहेर बाकड्यावर असताना कोरी कॅसेट घातली आणि मुलीला सगळं सांगून टाकलं. बाप दाढ काढू देत नाही, तुझा आवाज जाईल म्हणून काढू देत नाही, दुखणं अंगावर काढतोय, तूच काय ते समजाव. ती कॅसेट घेऊन एक माणूस मस्कतला गेला, आणि उत्तर कधी येईल ते त्याच्याच पुढच्या सुट्टीवर अवलंबून.

दुखणं मात्र सुट्टीची वाट बघत नाही. या वेळी सूज गालावरून जबड्याखाली उतरली. तोंड बोटभरही उघडेना. चाचींनी चमच्याने पेज घालायची, अर्धी बाहेर यायची. मी खाली गेले तेव्हा चाचा पलंगावर उलटे बसले होते. कांडी आत जात नव्हती म्हणून त्यांनी झाडूची एक काडी ओठांच्या फटीतून दाढेपर्यंत सरकवली होती आणि नसीमची जुनी कॅसेट लावली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, लेकीची आठवण. मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं, ‘चाचा, रडता का?’

त्यांनी नाही म्हणून डोकं हलवलं. बोलता येत नव्हतं, फक्त ओठ हलले. तिचा एकेक शब्द ठणकतोय, असं म्हणत होते. काडीतून आवाज जात होता, आणि पिकलेल्या दाढेवर घाव घातल्यासारखा बसत होता. तरी त्यांनी काडी काढली नाही.

मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला, आणि फार मायाही आली. मी बटण बंद केलं. चाची त्यांच्यासमोर बसल्या. पाठ न फिरवता. आणि ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, ‘नसीम आवाज पाठवल. पन ऐकायला तुमी नको का?’

चाचांनी त्यांचे ओठ वाचले. मग काडी काढून माझ्या हातात दिली.

आधी गोळ्या-इंजेक्शनं, मग साखर खाली आणायची, असं करून दिवस ठरला. दाढ काढायची बातमी गल्लीत पसरली तेव्हा प्रत्येकाने तोंडासमोर हात धरून तो एकच विनोद केला, चाचांची अक्कल जाणार म्हणून. चाचांना वाटलं सगळे दुवा देताहेत, त्यांनी प्रत्येकाला सलाम केला. आदल्या दिवशी, तोंड उघडायला लागलं होतं तेव्हा, त्यांनी सगळ्या कॅसेटी एकामागून एक लावल्या. गल्लीने त्या दुपारी नसीमचं सगळं आयुष्य पुन्हा ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही. हॉटेलवाल्याने चहा पाठवला, तो तसाच गार झाला.

दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी उभी होते. सुई टोचताना ‘मुंगी चावेल’, दाबताना ‘जड वाटेल’, सगळं मी ओठांनी सांगत होते. मग बाईंनी कापायची मशीन सुरू केली आणि दाढेला लावली. चाचांचे डोळे एकदम मोठे झाले. मला वाटलं, दुखलं. त्यांनी हात वर केला, बाई थांबल्या, तोंडातला कापूस बाजूला केला. चाचा म्हणाले, ‘बाई, तुमच्या मशीनचं बेअरिंग गेलंय.’

मशीन नवीकोरी होती, महिन्यापूर्वीच आणलेली. पण बाई म्हणाल्या, ‘बघून घेते हं,’ आणि परत कामाला लागल्या. दाढ तुकड्या-तुकड्यांनी निघाली. बाईंनी घाम पुसला. चाचांनी ते तुकडे मागून घेतले. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या एका प्लास्टिकच्या डबीत घालून त्यांनी ते घरी आणले आणि टू-इन-वनवर ठेवून दिले. मी विचारलं, हे कशाला? कापसाने तोंड भरलेलं, ओठ अर्धा बधिर, तरी त्यांनी सांगितलं, ‘मी न्हाय तर ही तरी ऐकल.’

जखम भरायला खूप दिवस लागले, बाईंनी सांगितलं होतं तसंच. तोंडात काही घालायचं नाही अशी सक्त ताकीद. चाचींनी कांडी धुऊन, फडक्यात बांधून वर ठेवली. पण जखम भरल्यावरही चाचांनी ती मागितली नाही. कारखान्यात लूम बिघडला तर म्हणायचे, दुसऱ्याला बोलवा. मी एकदा म्हटलंच, ‘चाचा, बाई म्हणाल्या होत्या ना, हाडातून जातो आवाज. हिरडीवर धरून बघा तरी.’

‘आनि न्हाय आला तर?’ ते म्हणाले. ‘आता कसं हाय, येत असल, असं म्हनून ऱ्हाता येतं.’

ते बाकड्यावर बसून राहायचे, भुवयांवर भुरी. ओठांचा एक कोपरा बधिर राहिला होता, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्हालाही नीट वाचता येईना. झोपायचे मात्र पूर्वीपेक्षा जास्त. दुपारी झोपायचे, संध्याकाळी झोपायचे. मला ठाऊक होतं, ऐकायला झोपतात.

अशातच मस्कतचा माणूस सुट्टीवर आला. साबण, खजूर आणि कॅसेट. चाचांनी कॅसेट हातात घेतली, वास घेतला आणि टू-इन-वनवर डबीशेजारी ठेवून दिली. लावली नाही. त्यांनी लावली नाही म्हणून चाचींनीही लावली नाही. एका घरात आईने ऐकायचं आणि बापाने बघत बसायचं, हे त्यांना कसंसंच वाटत होतं. दोन-तीनदा त्या वर येऊन माझ्याकडे नुसत्या बसून गेल्या. म्हणाल्या, ‘बाय, पोरीचा आवाज घरात बंद पडून हाय.’

मग एका शुक्रवारी दुपारी, कारखाना बंद, गल्ली पेंगलेली, मी खिडकीत तांदूळ निवडत बसले होते. पूर्वी शुक्रवारी झोप न येणारे चाचा हल्ली शुक्रवारीही झोपायचे, तसे पलंगावर आडवे झाले होते. झोपेत वर सरकत सरकत त्यांचं टक्कल उशाकडच्या फळीला जाऊन टेकलं होतं. चाचींनी बघितलं, नवरा गाढ झोपलाय, त्याला नुसतं बघत बसावं लागायचं नाही. त्यांनी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. आवाज शेवटपर्यंत फिरवलेला आहे, हे त्या विसरल्या होत्या. एवढ्या वर्षांत कोणी हात लावला होता त्याला?

‘अब्बा,’ नसीम म्हणाली, आणि बंद कारखान्यांच्या त्या शांततेत ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. मी तांदूळ तसेच टाकून जिना उतरले.

या वेळी तिने कोणालाच सलाम केला नव्हता. ‘अब्बा, अम्मीने सगळं सांगितलं. तुम्ही दाढ काढून घ्या. माझा आवाज नाही आला तरी चालेल. मी येईन, तुमच्यासमोर बसेन, तुम्ही माझं तोंड बघा. मी हळूहळू बोलेन. पण त्यासाठी तुम्ही पाहिजे ना अब्बा...’ तिचं बोलणं मध्येच थांबत होतं, परत सुरू होत होतं, नाकातून येत होतं.

मी दारात पोचले तेव्हा चाची बटणाकडे हात नेऊन तशाच थबकल्या होत्या. चाचांचे डोळे मिटलेले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी वाचलं. ‘मी हळूहळू बोलेन,’ ते म्हणत होते, नसीमच्या मागून एकेक शब्द. त्यांना वाटत होतं ते स्वप्नात आहेत.

मग त्यांनी डोळे उघडले. समोर मी दिसले, चाची दिसल्या, टू-इन-वनमध्ये फिरणारी कॅसेट दिसली. हात आपोआप उजव्या गालाकडे गेला. तिथे दाढ नव्हती. त्यांनी डोकं फळीवरून उचललं आणि थांबले. परत टेकवलं. परत उचललं, परत टेकवलं. आम्ही दोघी बघत होतो. मग त्यांनी अख्खं कपाळ फळीला लावलं, दोन्ही हातांनी फळी धरली, आणि नसीमची कॅसेट संपेपर्यंत तसेच राहिले.

कॅसेट खटकन थांबली. चाचा हळूच उठून बसले. चेहरा ओला होता, तो त्यांनी लुंगीच्या टोकाने पुसला.

‘पहिल्यापासून लाव,’ ते चाचींना म्हणाले. आणि मग जरा काळजीने, ‘पोरीला सर्दी झालीय. नाक चोंदलंय तिचं.’

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी चाचींकडे. त्या नेहमीसारखं पाठ फिरवतील असं मला वाटलं, पण त्यांनी फिरवली नाही. नवऱ्यासमोर बसल्या, ओठ नीट हलवत.

‘हो,’ त्या म्हणाल्या, ‘तिकडं एसी जाम असतो.’